विश्लेषण : आधी निळा, मग खाकी… मुलींना गणवेश घालून रस्त्यावर आणणाऱ्या ज्युलिएट लो कोण होत्या?

शाळेत स्काउट-गाइडचे तास केलेल्या अनेकांना २२ फेब्रुवारी हा 'चिंतन दिन' आठवत असेल. हा दिवस साजरा करण्याचे ठरले ते १९२६ मध्ये, न्यू यॉर्कजवळच्या एका शिबिरात. जगभरच्या गाइड प्रतिनिधींची ती परिषद अमेरिकेतच व्हावी, असा आग्रह धरणाऱ्या ज्युलिएट गॉर्डन लो तेव्हा ६५ वर्षांच्या होत्या. त्यांना कर्करोग झाला होता आणि हे त्यांनी बहुतेकांपासून लपवून ठेवले होते. अमेरिकेत मुलींची स्काउट चळवळ सुरू केली ती याच ज्युलिएट यांनी. त्यांच्या मुलींनी घातलेल्या गणवेशावरून आणि 'स्काउट' या शब्दावरून अनेक वर्षे वाद झाला. पहिल्या महायुद्धात मात्र हाच गणवेश लोकांच्या सवयीचा झाला. तो कसा, याचा हा आढावा.

ज्युलिएट लो कोण होत्या?

जन्म ३१ ऑक्टोबर १८६० चा, अमेरिकेच्या दक्षिणेतील जॉर्जिया राज्यातील सव्हाना शहरातला. वडील विल्यम गॉर्डन कापसाचे व्यापारी. आई नेली उत्तरेतील शिकागोची. घरात ज्युलिएटला सगळे 'डेझी' म्हणत. ती काही महिन्यांची असतानाच अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. वडील दक्षिणेच्या सैन्यात आणि आईचे माहेरचे लोक उत्तरेच्या बाजूने, अशी घराची विभागणी झाली. १८६४ च्या डिसेंबरात उत्तरेचे सेनापती शर्मन यांनी सव्हाना घेतले, तेव्हा माहेरची पत्रे घेऊन ते स्वतः गॉर्डन यांच्या घरी आले होते. डेझी तेव्हा चार वर्षांची होती.

डेझीला चित्रे काढायला, नाटके बसवायला, प्राणी पाळायला आवडे. वेळेचे भान अजिबात नव्हते, आणि एखादी कल्पना डोक्यात आली की मागचापुढचा विचार न करता ती कामाला लागे. घरच्यांनी म्हणूनच तिला 'क्रेझी डेझी' असेही नाव दिले होते.

याच स्वभावातून तिने लहानपणी मैत्रिणींचे एक मंडळ काढले. सव्हानातील गरीब इटालियन स्थलांतरितांच्या मुलांसाठी कपडे शिवायचे, हा मंडळाचा उद्योग. नाव ठेवले 'हेल्पफुल हँड्स', म्हणजे मदतीचे हात. अडचण एकच होती. डेझीला स्वतःलाच शिवणकाम धड येत नव्हते. मुलांनी ते कपडे घालून खेळायला सुरुवात केली आणि टाके उसवले. भावंडांनी मंडळाचे नाव बदलून टाकले : असहाय हात. गणवेश हाताने शिवण्याला पुढे ज्या चळवळीत मोठे महत्त्व आले, तिच्या संस्थापिकेची शिवणकामातली सुरुवात ही अशी होती.

पन्नाशीपर्यंत त्या काय करत होत्या?

खरे सांगायचे तर फारसे काही नाही, आणि हेच त्यांचे मोठे दुखणे होते. १८८५ मध्ये कान दुखू लागला, तेव्हा एका नव्या उपायाबद्दल ऐकून त्यांनी डॉक्टरांना कानात सिल्व्हर नायट्रेट घालायला भाग पाडले. त्या कानाने ऐकू येणे बरेच कमी झाले. पुढच्या वर्षी, २१ डिसेंबर १८८६ रोजी, त्यांचे विल्यम मॅके लो यांच्याशी लग्न झाले. वधूवरांवर तांदूळ उधळण्याची पद्धत तिकडेही होती. त्यातला एक दाणा दुसऱ्या कानात गेला आणि तो काढताना पडद्याला इजा झाली. एक कान जवळजवळ गेलेला, दुसऱ्यानेही काही ऐकू येईना. अक्षता आपल्याकडेही टाकतात; पण एका दाण्याने माणसाला बहिरेपण यावे, हे विरळाच.

विल्यम लो मोठ्या संपत्तीचे वारस होते. जोडपे इंग्लंडमध्ये, वॉरविकशायरमधील मोठ्या बंगल्यात राहू लागले. शिकार, मेजवान्या, राजघराण्याशी ओळख असे ते जग होते. मूल झाले नाही. नवरा जवळपास नसे. ज्युलिएट लोहारकाम शिकल्या आणि बंगल्यासाठी लोखंडी फाटक त्यांनी स्वतः घडवले. १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धात त्या काही काळ अमेरिकेत परतल्या. वडील फ्लोरिडात सैन्याबरोबर होते, आईने मायामीत आजारी सैनिकांसाठी रुग्णालय उघडले होते आणि ज्युलिएट तिथे राबत होत्या. आपल्या हातांना काहीतरी खरे काम आहे, ही भावना त्यांना तिथे मिळाली असावी; कारण इंग्लंडला परतल्यावरचे रिकामपण त्यांना अधिकच खुपू लागले.

नवऱ्याचे दुसऱ्या स्त्रीशी संबंध होते. घटस्फोटाची प्रक्रिया सुरू असतानाच १९०५ मध्ये विल्यम वारले. मृत्युपत्रात मोठा वाटा त्या स्त्रीच्या नावे होता. ज्युलिएट यांनी मृत्युपत्राला आव्हान दिले आणि शेवटी काही पैसा व सव्हानातील घर त्यांना मिळाले. मूलबाळ नाही, ऐकू येत नाही, वय ४५. पुढची काही वर्षे त्या देशोदेशी फिरत राहिल्या.

'गाइड' आणि 'खाकी' यांचा भारताशी संबंध काय?

१९११ मध्ये इंग्लंडमधील एका भोजनप्रसंगी त्यांची गाठ रॉबर्ट बेडन-पॉवेल यांच्याशी पडली. बोअर युद्धाचे नायक म्हणून ते प्रसिद्ध होते आणि मुलांसाठी त्यांनी काढलेली बॉय स्काउट चळवळ इंग्लंडभर पसरली होती. दोघांनाही शिल्पकलेची आवड असल्याने ओळख वाढली आणि गप्पा स्काउटिंगवर आल्या.

तोवर मुलींनी एक पेच उभा केला होता. सप्टेंबर १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्काउट मुलांचा मोठा मेळावा भरला, तेव्हा काही मुलीही स्काउटची टोपी घालून, हातात काठी घेऊन हजर झाल्या. कोणी त्यांना बोलावले नव्हते. त्यांनी गणवेश स्वतःच जमवले होते, पुस्तक वाचून पथके स्वतःच केली होती. त्यांना घरी पाठवणे अवघड होते आणि मुलांच्या रांगेत घेणे त्या काळच्या समाजाला पचणारे नव्हते. बेडन-पॉवेल यांनी वेगळी संघटना काढली आणि ती आपली बहीण ॲग्नेस यांच्याकडे सोपवली.

तिचे नाव ठरले 'गर्ल गाइड्स'. हे नाव आले ते तेव्हाच्या भारताच्या वायव्य सरहद्दीवरून. पेशावर भागात १८४६ मध्ये 'कोअर ऑफ गाइड्स' नावाची पलटण उभी राहिली होती. डोंगराळ मुलखात वाट काढणारे, हुशार, कशालाही तयार असे जवान म्हणून तिचा लौकिक होता. भारतात नोकरी केलेल्या बेडन-पॉवेल यांनी ते नाव मुलींसाठी उचलले. याच पलटणीने लाल डगले टाकून मातकट रंगाचे कपडे वापरायला सुरुवात केली होती, आणि धूळ या अर्थाच्या 'खाक' शब्दावरून त्या रंगाला 'खाकी' म्हणू लागले. आपल्याकडे खाकी म्हटले की पोलीस किंवा एसटीचे कंडक्टर डोळ्यांसमोर येतात; पण स्काउटच्या मुलांचा गणवेश आणि गाइड मुलींचे नाव, दोन्ही एकाच पलटणीपाशी जाऊन पोहोचतात, हे क्वचितच सांगितले जाते.

मुलींना नाव पलटणीचे मिळाले, रंग मात्र नाही. खाकी मुलांची राहिली, मुलींना गडद निळा दिला गेला. मुलामुलींत गल्लत होऊ नये आणि पालक घाबरू नयेत, हा त्यामागचा हेतू होता. भारतात १९११ मध्ये जबलपूरला गाइडची पहिली कंपनी निघाली, तीही सुरुवातीला भारतातील ब्रिटिश मुलींसाठी.

पहिले पथक कुठे सुरू झाले?

ज्युलिएट यांनी पहिले पथक जमवले ते १९११ मध्ये स्कॉटलंडमधील ग्लेन लायन या दुर्गम खोऱ्यात. शेतकऱ्यांच्या सात मुली आल्या. एक तर मैलोन्‌मैल चालत येई. इथल्या मुली थोड्या मोठ्या झाल्या की शहरातील कारखान्यांत कामाला जात आणि तिथे त्यांची तब्येत खालावे. म्हणून ज्युलिएट यांनी त्यांना गाठी मारणे आणि नकाशा वाचणे याबरोबरच कोंबड्या पाळणे आणि लोकर कातून विकणे शिकवले. मागोमाग लंडनच्या गरीब वस्तीतही पथके निघाली.

१९१२ च्या सुरुवातीला त्या सव्हानाला परतल्या. पोहोचल्या त्याच रात्री त्यांनी मुलींची शाळा चालवणाऱ्या आपल्या नातेवाईक बाईंना फोन केला आणि सव्हानातील, अमेरिकेतील, साऱ्या जगातील मुलींसाठी काहीतरी आणले आहे, असे सांगून लगेच बोलावून घेतले. १२ मार्च १९१२ रोजी १८ मुलींची दोन पथके झाली. नोंदवहीत पहिले नाव त्यांच्या भाचीचे होते. ती त्या दिवशी गावात नव्हती, पण आत्याने नाव लिहून टाकले. घराच्या आवारातील घोडागाडीची जुनी इमारत हे मुख्यालय झाले.

गणवेशावरून लाज कसली?

पहिला गणवेश इंग्लंडच्या धर्तीवर निळा होता. गडद निळा स्कर्ट, खलाशांच्या सदऱ्यासारखा मागे चौकोनी कॉलर असलेला ब्लाऊज आणि फिकट निळा रेशमासारखा टाय. मुलींनी तो स्वतः शिवायचा. तयार कपड्यांचा सुळसुळाट अजून झाला नव्हता आणि शिवून घेणे ही पहिली परीक्षाच मानली जात होती. आपल्याला शिवता येत नाही याची ज्युलिएट यांनी किती कबुली दिली असेल, कोण जाणे.

खरी अडचण वेगळीच होती. मुली रस्त्यापलीकडच्या मोकळ्या जागेत बास्केटबॉल खेळत. स्कर्टमध्ये पळता येईना, म्हणून त्या गुडघ्याखाली चुण्या घातलेल्या सैलसर विजारी घालत. सव्हानाच्या प्रतिष्ठित घरांतील मुली विजारीत दिसणे म्हणजे बोभाटाच. मग मैदानाभोवती कॅनव्हासचे पडदे लावले गेले. आत मुली धावत होत्या आणि बाहेरून जाणाऱ्यांना फक्त आवाज येत होता.

हा पडदा १९१२ चा आहे. पाच वर्षांनंतर याच देशात गणवेशातील मुली चौकाचौकांत उभ्या राहून सरकारी रोखे विकत होत्या.

'गाइड'चे 'स्काउट' का झाले?

१९१३ मध्ये वॉशिंग्टनला राष्ट्रीय मुख्यालय उघडले आणि संघटनेचे नाव 'गर्ल गाइड्स'ऐवजी 'गर्ल स्काउट्स' झाले. मुलींनाच ते नाव हवे होते. भाऊ जे करतात तेच आपण करतो, हे त्यांना नावातूनही दिसायला हवे होते. पुढच्या काही महिन्यांत निळा रंगही गेला आणि खाकी आली. कारण व्यवहाराचेही होते : जंगलात, चिखलात, चुलीपुढे निळा कपडा लगेच मळे. पण खाकी स्वीकारणे म्हणजे मुलांच्या रंगावर हक्क सांगणे, हे सगळ्यांच्या लक्षात आले.

अमेरिकेतील बॉय स्काउट्सचे प्रमुख जेम्स वेस्ट यांना तर हे अजिबात मान्य नव्हते. मुली 'स्काउट' म्हणवून घेऊ लागल्या तर मुलांच्या लेखी त्या शब्दाची मर्दानगीच जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचा पाठिंबा 'कॅम्प फायर गर्ल्स' या दुसऱ्या संघटनेला होता. तिथे भर घर आणि चूल यांवर होता. समारंभासाठी मुली मूळनिवासी अमेरिकनांच्या पोशाखाची नक्कल करून झालरी लावलेले झगे घालत. म्हणजे एकीकडे शेकोटीभोवतीचा झगा आणि दुसरीकडे खाकी जाकीट, पट्टा व रुंद काठाची टोपी. मुलीने मोठेपणी कोण व्हावे, याबद्दलचे दोन वेगळे विचार त्या कपड्यांतून समोर येत होते.

१९१३ च्या हस्तपुस्तिकेतही हे दिसते. स्वयंपाक, बाळाची देखभाल, आजाऱ्याची सेवा हे विषय होतेच. शिवाय विजेची कामे, शेती यांसाठीही बिल्ले होते आणि चोर सापडला तर आठ इंच दोरीने त्याला कसे बांधायचे, याची कृतीही दिली होती. चोर पकडण्याची वेळ कितींवर आली असेल हा प्रश्नच आहे. पण ते पान वाचताना मुलगी स्वतःला कोण समजत असेल, ते महत्त्वाचे.

वेस्ट यांचा विरोध पुढेही अनेक वर्षे चालू राहिला. ज्युलिएट यांनी नाव सोडले नाही. त्रिदल पानाच्या बोधचिन्हाचे पेटंट त्यांनी १९१४ मध्ये स्वतःच्या नावे घेऊन ठेवले. त्याच वर्षी संघटनेचा खर्च भागवण्यासाठी त्यांनी आपला मोत्यांचा हार विकला. त्याचे ८ हजार डॉलर आले. १९१५ मध्ये संघटनेची रीतसर नोंदणी झाली आणि त्या अध्यक्ष झाल्या.

बहिरेपणाचाही त्यांनी उपयोग करून घेतला. कोणाला कामाला जुंपायचे असेल तर त्याचा नकार त्यांना ऐकूच येत नसे. समोरचा माणूस सबबी सांगत असताना त्या आभार मानून पुढच्या बैठकीची तारीख देऊन मोकळ्या होत. एकदा श्रीमंतांच्या भोजनाला जाताना त्यांनी टोपीवर फुलांऐवजी गाजरे आणि कोथिंबिरीसारखी पार्सलीची पाने खोवली. नवी सजावट घ्यायला पैसे नाहीत, हे पाहुण्यांनी न बोलता समजून घ्यावे म्हणून. गर्ल स्काउट्ससाठी नवे बूट आले तेव्हा ते सगळ्यांना नीट दिसावेत म्हणून संचालकांच्या बैठकीत त्या चक्क डोक्यावर उभ्या राहिल्या. स्वतः त्या बहुतेक वेळा गणवेशातच असत.

महायुद्धात मुलींनी नेमके काय केले?

युरोपात १९१४ लाच युद्ध पेटले होते. ब्रिटनमध्ये गाइड मुली रुग्णालयांत, कँटीनमध्ये, निर्वासितांसाठी काम करू लागल्या. ब्रिटनच्या गुप्तचर खात्याने, म्हणजे एमआय-५ ने, आधी कागदपत्रे पोहोचवायला बॉय स्काउट ठेवले होते. मुले दंगा करतात आणि बडबड करतात, असा अनुभव आल्यावर त्यांच्या जागी १४ ते १६ वयाच्या गाइड मुली घेतल्या. अशा सुमारे ९० मुली तिथे काम करत होत्या. मुलींच्या पोटात काही राहत नाही म्हणणाऱ्यांसाठी हे उदाहरण पुरेसे ठरावे.

अमेरिका एप्रिल १९१७ मध्ये युद्धात उतरली. गर्ल स्काउट्सची संख्या तोवर काही हजार होती. युद्धाने अचानक त्यांच्या कामाला मागणी आली. पुरुष सैन्यात चालले होते, अन्न युरोपला पाठवायचे होते, पैसा उभा करायचा होता. आणि देशात अशा मुलींची पथके तयार होती ज्यांना मलमपट्टी, स्वयंपाक, शेती यांचे धडे आधीच मिळाले होते.

रेड क्रॉससाठी त्यांनी बँडेजच्या गुंडाळ्या केल्या, सैनिकांसाठी मोजे आणि स्वेटर विणले. परसात आणि मोकळ्या जागांवर भाज्या लावल्या, उरलेली फळे-भाजी शिजवून बरण्यांत हवाबंद करून ठेवली. देशाच्या अन्न प्रशासनाचे प्रमुख तेव्हा हर्बर्ट हूवर होते, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले. त्यांच्या पत्नी लू हेन्री हूवर १९१७ मध्ये ज्युलिएट यांच्या आग्रहाने संघटनेत आल्या आणि वॉशिंग्टनमधील पथकाबरोबर भाजीची बाग फुलवू लागल्या. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या पत्नी एडिथ यांनी संघटनेचे मानद अध्यक्षपद स्वीकारले. खाकीतल्या मुली असभ्य दिसतात, असे म्हणणाऱ्यांची त्यामुळे बरीच पंचाईत झाली.

एक काम आज विचित्र वाटेल. मुली घरोघर जाऊन पीच फळाच्या कोयी गोळा करत. आघाडीवर विषारी वायूचा वापर सुरू झाला होता. गॅस मास्कमध्ये हवा गाळण्यासाठी जो सच्छिद्र कोळसा लागे, तो कठीण कोयी आणि कवचे जाळून उत्तम मिळे. एका मास्कसाठी सुमारे २०० कोयी लागत. म्हणजे फ्रान्समधील खंदकात एका सैनिकाचा श्वास चालू राहावा म्हणून जॉर्जियातली किंवा ओहायोतली एखादी मुलगी शेजाऱ्यांच्या दारात पिशवी घेऊन उभी असे.

सर्वांत ठळक दिसले ते 'लिबर्टी बाँड' विकण्याचे काम. युद्धखर्चासाठी सरकारने काढलेले हे रोखे विकायला मुली दारोदार आणि बाजारात गेल्या. इथे गणवेशाचा उपयोग कळला. एरवी एकट्यादुकट्या मुलीने अनोळखी माणसाकडे पैसे मागणे शोभणारे नव्हते. खाकी जाकीट, टोपी आणि छातीवरचा त्रिदल बिल्ला असला की तीच मुलगी देशाच्या वतीने आलेली असे. रस्त्यावर तिला हटकण्याऐवजी लोक खिशात हात घालत.

१९१८ मध्ये इन्फ्लुएंझाची साथ आली. मुलींनी परिचारिकांना मदत केली, आजारी घरांत जेवण पोहोचवले. त्याच वर्षी 'द गोल्डन ईगलेट' हा गर्ल स्काउटच्या जीवनावरचा मूकपट निघाला. त्यात ज्युलिएट स्वतः दिसतात. ओक्लाहोमातील मस्कोगी गावच्या एका पथकाने आपला खर्च काढण्यासाठी १९१७ च्या डिसेंबरात शाळेच्या कँटीनमध्ये घरी भाजलेली बिस्किटे विकली. अमेरिकेत आज प्रसिद्ध असलेल्या 'गर्ल स्काउट कुकीज'ची सुरुवात त्यातून झाली.

युद्ध संपल्यावर १९२० च्या सुमारास सदस्यसंख्या ७० हजारांच्या जवळ पोहोचली होती.

सगळ्या मुलींना हा गणवेश मिळाला का?

नाही. संघटना सर्व मुलींसाठी आहे असे ज्युलिएट पहिल्यापासून सांगत. गरीब, कॅथलिक, ज्यू मुली सुरुवातीपासून होत्या. १९१७ मध्ये न्यू यॉर्कमध्ये अपंग मुलींचे पथक निघाले. स्वतः बहिऱ्या असलेल्या संस्थापिकेच्या संघटनेत ते साहजिक होते. कृष्णवर्णीय मुलींची पहिली पथकेही त्याच वर्षीची मानली जातात. पण ती वेगळी होती. दक्षिणेतील राज्यांत, म्हणजे ज्युलिएट यांच्याच मुलखात, कृष्णवर्णीय मुलींना बराच काळ बाहेरच ठेवले गेले. त्याविरुद्ध त्यांनी ठाम भूमिका घेतल्याचे दिसत नाही. गॉर्डन घराण्याकडे यादवी युद्धापूर्वी गुलाम होते. नवऱ्याचे मृत्युपत्र आणि जेम्स वेस्ट यांच्याशी लढणाऱ्या बाईने हा लढा टाळला, याची नोंद त्यांच्या चरित्रात असलीच पाहिजे.

शेवटची वर्षे कशी गेली?

१९२० मध्ये त्यांनी अध्यक्षपद सोडले. संघटना मोठी झाली होती, हिशेब आणि समित्या आल्या होत्या, आणि वेळ न पाळणाऱ्या, मनात येईल ते करणाऱ्या संस्थापिकेला सांभाळणे सहकाऱ्यांना जड जात होते. त्यांना 'संस्थापक' ही उपाधी देण्यात आली आणि त्यांचा वाढदिवस संस्थापक दिन ठरला. त्यांनी आपले लक्ष आंतरराष्ट्रीय कामाकडे वळवले. इतके विध्वंसक युद्ध पाहिल्यावर देशोदेशीच्या मुलींनी एकमेकींना भेटले पाहिजे, हा त्यांचा ध्यास झाला.

१९२३ मध्ये स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले. शस्त्रक्रिया, उपचार सगळे झाले, पण बातमी त्यांनी फुटू दिली नाही. १९२६ ची जागतिक परिषद अमेरिकेत घ्यायचीच, असे त्यांनी ठरवले होते. त्यासाठी न्यू यॉर्क राज्यातील कॅम्प एडिथ मेसी हे शिबिराचे ठिकाण वेळेत उभे राहणे आवश्यक होते. सहकारी साशंक होते. त्या हटल्या नाहीत आणि मे महिन्यात परिषद झाली. तिथेच बेडन-पॉवेल पती-पत्नी या दोघांचाही जन्मदिवस असलेला २२ फेब्रुवारी हा जगभरच्या गाइड मुलींनी एकमेकींची आठवण काढण्याचा दिवस म्हणून ठरवला गेला.

१७ जानेवारी १९२७ रोजी सव्हानात त्यांचे निधन झाले. वय ६६. संघटनेत तेव्हा दीड लाखाच्या आसपास मुली आणि कार्यकर्त्या होत्या. त्यांना गर्ल स्काउटच्या गणवेशातच दफन करण्यात आले. त्या केवळ पहिल्याच नव्हे तर सर्वोत्तम गर्ल स्काउट आहेत, अशा अर्थाची तार राष्ट्रीय मंडळाने त्यांना पाठवली होती. ती जाकिटाच्या खिशात ठेवली होती.

त्यानंतर काय घडले?

दुसऱ्याच वर्षी, १९२८ मध्ये, खाकी रंग बदलून गर्ल स्काउट्सचा गणवेश राखाडी-हिरवा झाला. हिरवा रंग मग संघटनेची ओळख बनला.

दुसऱ्या महायुद्धात हिरव्या गणवेशातील मुलींनी तीच कामे पुन्हा हाती घेतली : भाजीच्या बागा, रोखे, भंगार धातू आणि स्वयंपाकघरातील वापरलेली चरबी गोळा करणे. पीठ, साखर आणि लोण्याचा तुटवडा पडला तेव्हा बिस्किटांऐवजी त्यांनी कॅलेंडरे विकली. १९४४ मध्ये सव्हानाच्या गोदीत बांधलेल्या एका मालवाहू युद्धजहाजाला 'ज्युलिएट लो' हे नाव मिळाले.

भारतात स्वातंत्र्यानंतर स्काउट आणि गाइड या चळवळी 'भारत स्काउट्स अँड गाइड्स' या एका संस्थेत आल्या. गाइड्स १९५१ मध्ये सामील झाल्या. देशोदेशीच्या मुलींनी एकत्र राहावे यासाठी जागतिक गाइड संघटनेने काही केंद्रे उभारली आहेत. त्यांपैकी 'संगम' हे केंद्र पुण्यात आळंदी रस्त्यावर आहे. १९६६ मध्ये त्याचे उद्घाटन करायला ओलाव्ह बेडन-पॉवेल स्वतः आल्या होत्या. कॅम्प एडिथ मेसीच्या त्या परिषदेत ज्युलिएट यांच्यासोबत त्याही होत्या.